सुरणाचं पान गळू द्या, मगच खणा

पहिल्या वर्षी मी गणपतीतच सुरण उकरला. घरात पाहुणे होते, आणि ते छत्रीसारखं हिरवंगार पान बघून वाटलं, खाली चांगला पाच किलोचा ऐवज असणार. निघाला नारळाएवढा, शिजवला तर पाणचट. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याची कमाई अजून वरच होती."

खरंच होतं ते. पान उन्हात साखर बनवतं, ती देठातून खाली उतरते आणि कंदात स्टार्च होऊन बसते. साखर पाण्यात विरघळते, स्टार्च नाही, म्हणून साठवायला तोच बरा. सुरणाचा पिठूळपणा तो हाच. कापावर जखमेला लावायच्या आयोडीनचा थेंब टाकून बघा, निळाकाळा होतो. (ती फोड मात्र भाजीत नको.)

लावणी मे महिन्यात. कंदाच्या मधोमध डोळा असतो. काप असे उभे करा, की प्रत्येकाला डोळ्याचा तुकडा येईल. काप अर्ध्या किलोपेक्षा लहान नको, कारण पान उघडेपर्यंत कोंब या शिदोरीवरच जगतो. शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा, फूटभर खड्ड्यात शेणखत घालून डोळा वर करून लावा, वर पातेरा पसरा. पाणी तुंबलं की कुजलाच.

पावसात जे झाड दिसतं ते झाड नव्हेच, एकच मोठं पान. खोड वाटतो तो त्याचा देठ. बकरीपासून जपा. खाली लावलेला काप रिकामा होऊन सुरकुततो आणि नवा कंद त्याच्या डोक्यावर भरत जातो.

दिवाळीच्या आसपास पान पिवळं पडायला लागतं. ते बरं दिसत नाही म्हणून छाटू नका, उरलंसुरलं खाली उतरतंय. देठ आपोआप आडवा झाला की आणखी आठवडाभर थांबा. मग हातभर लांबून कुदळ घाला. जखम झालेला कंद टिकत नाही, तो आधी खाऊन टाका. बाकीचे माती झाडून माळ्यावर, हवेशीर जागी, एकमेकांना न चिकटवता ठेवा. धुवायचे नाहीत.

चिरताना हाताला खोबरेल लावा, शिजवताना चिंच किंवा आमसूल घाला, नाहीतर घसा खाजेल. आणि भाजीला कडेकडेचा भाग घ्या. डोळ्याचा भाग आधी नीट सुकवा, मग पुढच्या मेसाठी माळ्यावर.