ढिकालाला हत्ती बघायला जाताना

सगळ्यात आधी तारीख ठरवा. कपडे, कॅमेरा, दुर्बीण यांचं नंतर बघू. उत्तराखंडातल्या कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात आपली मंडळी बहुतेक दिवाळीत नाहीतर नाताळात जातात, कारण पोरांना सुट्टी असते आणि हवा छान असते. हवा छान असते हे खरं, पण हत्ती तेव्हा सालवृक्षांच्या दाट रानात पांगलेले असतात. दिवाळीत तर उद्यानाचा ढिकाला विभाग बहुधा उघडलेलाच नसतो. तो १५ नोव्हेंबरला उघडतो आणि १५ जूनला बंद होतो. हत्तींचे कळप उघड्यावर, निवांत बघायचे असतील तर एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस धरा. कालागढच्या धरणामुळे रामगंगेचा मोठा जलाशय तयार झाला आहे. उन्हाळ्यात त्याचं पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत येतं, रानातले ओढे आटलेले असतात, आणि मग कळपच्या कळप त्या गवताला आणि पाण्याला खाली उतरतात. ऊन चाळिशीला टेकलेलं असतं. थंड हवा हवी असेल तर डिसेंबरात जा, हत्ती हवे असतील तर मे महिन्यात. दोन्ही एकदम मिळत नाही.

कुणी म्हणेल, हत्तींसाठी एवढं लांब कशाला, आपल्या दोडामार्गात आहेत की. आहेत. तिलारीच्या खोऱ्यात ते कर्नाटकातून येतात, आणि २०२१ पासून गडचिरोलीत छत्तीसगडहून आलेला कळप आहे. पण तिथले हत्ती भातात, केळीत, माडांच्या बागेत शिरतात, आणि रात्र जागवतो तो शेतकरी. त्यांच्यामागे गाडी घेऊन फिरणं ही सफारी नव्हे. ताडोबा-पेंचला वाघ मनसोक्त बघा, रानहत्तींची अपेक्षा तिथे नको.

तारीख ठरली की विभाग निवडा. कॉर्बेटमध्ये बिजरानी, झिरना, ढेला, गर्जिया, दुर्गादेवी असे वेगवेगळे विभाग आहेत आणि त्यांत जिप्सी, म्हणजे उघड्या जीप जातात. ढिकालात मात्र मुक्कामाचं आरक्षण नसेल तर एका दिवसासाठी कँटरनेच जावं लागतं. कँटर म्हणजे उघड्या बाजूंची, सोळा जणांची मोठी गाडी. मुक्कामाच्या खोल्या मिळणं नशिबाचा भाग, म्हणून बहुतेकांनी कँटरचीच तयारी ठेवावी. कँटरला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. वाघासाठी त्यांचं म्हणणं ठीक आहे, गाडी मोठी, आवाज मोठा, अरुंद वाटेवर वळवता येत नाही. हत्तींसाठी मला तो आक्षेप फारसा पटत नाही. गवताळ मैदान एवढं पसरलेलं आहे की उंचावरून बघणाऱ्याचाच फायदा होतो. जागा मात्र पुढची मागा. मागच्या बाकावर धूळ आणि आदळआपट दोन्ही दुप्पट, आणि कंबरेचं दुखणं असलेल्याने तिथे बसूच नये.

परवाना उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब दिसणारी, जास्त पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं शोधात आधी वर येतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी पत्ता नीट वाचा. सुट्टीच्या दिवसांतल्या जागा पटकन संपतात. नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून त्या दिवसाच्या अटी, लहान मुलांबद्दलचे नियम आणि गाडी नेमकी कुठून सुटते हे परवान्यावर पुन्हा बघा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. घरात सगळे ‘बंड्या’ म्हणत असले तरी आधारवर जे आहे तेच. मूळ ओळखपत्र बरोबर हवं, झेरॉक्सवर वाद घालण्यात पहाट जाते.

मुक्कामाचं हॉटेल बघताना एक घोळ हमखास होतो. ढिकुली आणि ढिकाला ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. ढिकुली हे रामनगर या उद्यानाजवळच्या शहराच्या पुढे, कोसी नदीच्या काठचं, रिसॉर्टांनी भरलेलं गाव, उद्यानाच्या बाहेर. ढिकाला थेट गाभ्यात. रामनगरपासून धनगढीचं प्रवेशद्वार वीसेक किलोमीटर आणि तिथून ढिकाला आणखी तीसेक किलोमीटर आत. दिल्लीहून रामनगरला रस्त्याने पाच-सहा तास लागतात, रात्रीची रेल्वेही आहे, पण पहाटे स्टेशनवर उतरून तसंच सफारीला जायचा बेत करू नका. गाडीला उशीर झाला तर परवाना फुकट जातो आणि पैसे परत मिळत नाहीत. आदल्या दुपारपर्यंत पोचा, संध्याकाळी गाडी कुठे लागते ती जागा डोळ्यांनी बघून या, आणि नऊला झोपा. उन्हाळ्यात प्रवेश पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास असतो.

आता मोबाइल. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेटच्याच खटल्यात व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल वापरायला मनाई केली. आत तसंही नेटवर्क नसतं. या एका गोष्टीने तयारी बरीच बदलते. परवान्याची छापील प्रत घ्या, कारण फोनमधली दाखवता येईलच असं नाही. फोटो हवे असतील तर कॅमेरा घ्या, अगदी साधा चालेल. मनगटाला घड्याळ बांधा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की अमुक वेळेपर्यंत फोन लागणार नाही, नाहीतर इकडे आई पंधरा वेळा फोन करून हवालदिल होते. बाहेर आल्यावर ड्रायव्हर कुठे भेटणार तेही ठरवून ठेवा, आणि त्याचा नंबर कागदावर लिहा. हत्तीसमोर फोन वाजणार नाही, हा यातला खरा लाभ.

कॅमेऱ्याबद्दल थोडंच. हत्तीसाठी तोफेसारखी लेन्स लागत नाही. हत्ती मोठा असतो, कधी कधी गाडीच्या इतका जवळ येतो की मोठ्या लेन्समध्ये नुसता कानच मावतो. मधल्या पल्ल्याची लेन्स घ्या, म्हणजे कळप, मागचं पाणी आणि शिवालिकच्या टेकड्या एका चौकटीत येतील. पैसे खर्च करायचेच असतील तर आठ बाय बेचाळीसच्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, बेचाळीस मिलिमीटर भिंगाच्या) दुर्बिणीवर करा, आणि ती घरीच गच्चीतून वापरून सवय करून घ्या. गाडीत पहिल्यांदा उघडली की फोकस जुळेपर्यंत कळप झाडीत गेलेला असतो.

कपडे मळखाऊ रंगाचे, सुती, पूर्ण बाह्यांचे. मे महिन्यातही पहाटे उघड्या गाडीत वारा लागतो, तेव्हा एक पातळ जाकीट वर असू द्या. आठ वाजता ते काढून मांडीखाली घेतलं की बसायलाही बरं. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर मुंबई-पुण्याची थंडी विसरा. कानटोपी, हातमोजे, दोन स्वेटर आणि वर वारा अडवणारं जाकीट एवढं सगळं अंगावर असूनही पहिला तास दात वाजतात. दोन्ही ऋतूंत नाकातोंडावर बांधायला मोठा सुती रुमाल किंवा पंचा हवा, कारण पुढच्या गाडीची धूळ आपल्यालाच खायची असते. टोपीला दोरी असू द्या. उडालेली टोपी उचलायला कोणीही खाली उतरू शकत नाही. गाडीतून उतरायची परवानगी ठरलेल्या जागांशिवाय कुठेच नाही.

अत्तर, सेंट, वासाचं डिओ त्या दिवशी नको. हत्तीची नजर बेताची, पण नाक भलतं तीक्ष्ण. याच कारणासाठी पिशवीत केळी, संत्री, चिकू, गूळपोळी असलं काही नेऊ नका. प्रवासात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा घेतल्याशिवाय आपला पाय घराबाहेर पडत नाही हे मान्य, पण ते डबे हॉटेलवर उघडा. चालत्या सफारीत खाऊ नका आणि कागदाचा एक तुकडाही खाली टाकू नका. ढिकालाच्या आवारात गाडी थांबते तिथे स्वच्छतागृह आणि शाकाहारी उपाहारगृह आहे. पाणी माणशी दीड-दोन लिटर, पुन्हा भरता येणाऱ्या बाटलीत. आत काही तास कुठलाही थांबा नाही हे लक्षात घेऊन पहाटेचा चहा अर्धा कपच घ्या. ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं, गाडी लागणाऱ्यांसाठी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची गोळी, एवढं खिशात. पाठीचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ढिकालाचा कँटर टाळावा असंच मी सांगेन.

यानंतरची तयारी सामानाची नाही. निघण्यापूर्वीच गाइडला आणि सहप्रवाशांना सांगा की आपल्याला हत्ती बघायचे आहेत. हे सांगावं लागतं, कारण कॉर्बेट हे १९३६ साली स्थापन झालेलं देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही इथूनच झाली, आणि गाइडला वर्षानुवर्षं पर्यटकांनी एकच प्रश्न विचारलेला असतो. तुम्ही काही बोलला नाहीत तर गाडी एखाद्या ओढ्यापाशी वाघाची वाट बघत तासभर उभी राहील, आणि पलीकडे मैदानात कळप चरत असेल. कँटरमध्ये सोळा जणांचं मत असतं, म्हणून प्रेमाने बोला. हिंदीत “भाईसाहब, हमें हाथी आराम से देखने हैं” एवढं पुरतं. बहुतेक गाइड खूष होतात, कारण हत्ती दाखवणं त्यांच्या हातात असतं, वाघ दाखवणं नसतं.

कळप दिसल्यावर काय बघायचं, हे आधीच वाचून जा. नाहीतर पाच मिनिटांत ‘झालं बघून’ असं वाटतं. कळप असतो हत्तिणींचा आणि पिल्लांचा, आणि सगळ्यांत वयस्कर हत्तीण त्याला चालवते. ती कोणती हे ओळखायचा प्रयत्न करा: ती हलली की बाकीचे हलतात. एखादी मावशी पिल्लाला पायांच्या मध्ये घेऊन उभी दिसेल. वयात आलेले नर वेगळे, एकटे किंवा दोघं-तिघं मिळून फिरतात. सुळे नाहीत म्हणजे हत्तीण, असं मात्र नाही. बिनसुळ्याचे नरही असतात, त्यांना तिकडे मखना म्हणतात. सोंडेच्या मुळाशी कपाळ जाड, फुगीर असेल तर नर असण्याची शक्यता जास्त. गवत उपटून पायावर आपटून माती झाडणं, मग ते तोंडात घालणं, पाण्यातून बाहेर येऊन लगेच अंगावर धूळ उडवून घेणं, हे तासभर बघता येतं.

हत्तीची मनःस्थिती कानांवरून कळते. कान संथ हलत असतील, शेपूट सैल असेल, तोंड चालू असेल तर तो निवांत आहे. कानांच्या हालचालीने त्याचं अंग थंड राहतं. कान एकदम थांबले, खाणं थांबलं, सोंडेचं टोक तुमच्या दिशेला वळलं, तर त्याने तुमची दखल घेतली आहे. पायाने माती उकरणं, एक पाय हवेत झुलवत ठेवणं, डोकं हलवणं ही अस्वस्थतेची लक्षणं. कान फाकवून, डोकं उंच करून, ओरडत चार पावलं पुढे येणारा हत्ती बहुतेक वेळा दम देत असतो. सोंड आत दुमडून, न ओरडता सरळ येणारा हत्ती खराच येत असतो. दोन्ही वेळी तुमचं काम एकच: बसून राहा, किंचाळू नका, फ्लॅश मारू नका, गाडीवर हात आपटू नका, आणि ड्रायव्हरला त्याचं काम करू द्या. डोळा आणि कान यांच्या मध्ये ओला काळा ओघळ आणि मागचे पाय लघवीने भिजलेले दिसले, तर तो नर माजावर आहे. त्याच्यापासून गाडी लांब राहील, तेव्हा ‘थोडं पुढे घ्या ना’ म्हणू नका. कळप रस्ता ओलांडत असेल तर शेवटचं पिल्लू पलीकडे जाईपर्यंत दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं असतं. आई एका बाजूला आणि पिल्लू दुसऱ्या बाजूला, मध्ये गाडी, यापेक्षा वाईट परिस्थिती नाही.

हत्ती दिसण्याआधी त्याच्या खुणा दिसतात. मोडलेल्या फांद्या, सोललेली साल, रस्त्यावर ताजी, ओलसर लीद. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची जवळपास येते. धुळीत स्पष्ट ठसा असेल तर गाइडला अंदाज विचारा, मुलं यात रमतात. गाडीचं इंजिन बंद असताना बोलू नका. बांबूच्या बेटातून कडकड आवाज येतो, आणि कधी पोटातून आल्यासारखी खोल घरघर. ते त्यांचं आपसातलं बोलणं असतं.

बाकीच्या प्राण्यांची यादी पाठ करून जायची गरज नाही. चितळ आणि सांबर दिसतातच, गवतात डोकं खाली घालून पळणारा बुटका पाढा (हरणाचा एक प्रकार) दिसला तर बघून घ्या, तो आपल्या जंगलांत दिसत नाही. रामगंगेच्या डोहात लांब, निमुळत्या तोंडाची सुसर आणि रुंद तोंडाची मगर दोन्ही आहेत. दुर्बीण तिथे खरी उपयोगी पडते. वाघ दिसला तर दिसला.

खिशात सुटे पैसे ठेवा. गाइडचं शुल्क ठरलेलं असतं; वर काही द्यायचं ते त्याने वाघ दाखवला की नाही यावर ठरवू नका. दुपारी परतल्यावर अंघोळ, जेवण आणि झोप एवढाच बेत असू द्या. त्याच संध्याकाळी दिल्लीचा प्रवास ठेवायचा मोह होतो, पण पहाटे चारला उठलेल्या माणसाने आणि त्याच्या ड्रायव्हरने रात्रीचा तो रस्ता घेऊ नये.