फ्लोरिडातून स्वतःच्या सेसनाने क्यूबाला जायचंय? आधी विमानाची परवानगी बघा

की वेस्ट ते हवाना सरळ रेषेत जेमतेम ९० नॉटिकल मैल, सेसना १७२ला पाऊण ते एक तास. फ्लोरिडात प्रायव्हेट पायलट लायसन्स काढलं की हा विचार डोक्यात येतोच, आणि यावा पण, फक्त तयारीची सुरुवात चार्ट उघडून करू नका आणि क्यूबाच्या परवानगीपासूनही करू नका. खरी अडचण अमेरिकेच्या बाजूला आहे.

अमेरिकेच्या लेखी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तुम्ही जाऊ शकता का आणि तुमचं विमान जाऊ शकतं का. माणसाचं बघतं ट्रेझरी खात्याचं ओफॅक, म्हणजे निर्बंध सांभाळणारं कार्यालय. त्यांची १२ कारणं ठरलेली आहेत, नातेवाईकांची भेट, पत्रकारिता, व्यावसायिक संशोधन, धार्मिक काम, क्यूबन लोकांना आधार वगैरे, त्यात नीट बसत असाल तर सहसा वेगळा अर्ज करावा लागत नाही, पण नुसतं फिरायला जाणं त्यात नाहीच. आणि माझा पासपोर्ट भारतीय आहे मग मला काय, असं धरून चालू नका. अमेरिकेत असलेला प्रत्येक माणूस या नियमाखाली येतो, एच-वन-बी असो की ग्रीन कार्ड.

विमानाचं बघतं कॉमर्स खात्याचं बीआयएस, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण ठेवणारं कार्यालय, आणि गाडी अडते ती इथे. विमान तिथे थोडा वेळ जरी उभं राहणार असलं तरी त्यांच्या हिशेबात ती निर्यात. ओबामांच्या काळात तात्पुरत्या मुक्कामाची सवलत खाजगी विमानांना मिळत होती, ५ जून २०१९ पासून ती काढून घेतली, त्यामुळे आता एन-नंबरच्या, म्हणजे अमेरिकेत नोंदलेल्या, खाजगी विमानाला बीआयएसचं स्वतंत्र लायसन्स लागतं आणि धोरण बहुतेक अर्ज नाकारायचंच आहे. मदतकार्यासारखं ठोस कारण आणि त्यामागे एखादी संस्था असेल तर ऑनलाइन अर्ज करा, सोबत कोण, काय, किती दिवस आणि विमान परत कधी येणार हे स्पष्ट लिहा. तसं काही नसेल आणि तुम्ही स्वतः १२ कारणांत बसत असाल तर सरळ एअरलाइनचं तिकीट काढा, मला यात काही कमीपणा वाटत नाही. बीआयएसचं लायसन्स हातात नसताना 'आधी बहामाज आणि तिथून गुपचूप' असले सल्ले देणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, मधे थांबा घेतल्याने नियम बदलत नाही आणि दंड एका उल्लंघनाला लाख डॉलरच्या वर जाऊ शकतो.

बीआयएसचं लायसन्स मिळालं की लगेच इन्शुरन्सवाल्याला विचारा. बऱ्याच पॉलिसीत क्यूबा वगळलेला असतो, तेव्हा कव्हर आहे हे लेखी घ्या. विमान क्लबचं किंवा भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमतीपण.

मग क्यूबाची बाजू. लँडिंग परमिट तिथली नागरी विमान वाहतूक संस्था देते, हँडलरमार्फत, म्हणजे विमानांची कामं करून देणाऱ्या एजंटमार्फत, काढलेलं बरं, ते टेल नंबर, वजन, रूट, पासपोर्ट, इन्शुरन्स सगळं मागतात. परमिट नंबर फ्लाइट प्लॅनच्या आयटम १८मध्ये (इतर माहितीच्या रकान्यात) टाकायचा. विमानात पक्कं रजिस्ट्रेशन, एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, रेडिओ स्टेशनचं लायसन्स आणि तुमचं रेडिओ परमिट हवं, देशातल्या देशात उडताना ही शेवटची दोन कोणी विचारत नाही म्हणून हमखास राहतात. व्हिसा वेगळा. ब्रिटिश पासपोर्टवाल्या मराठी लोकांनी अजून एक लक्षात ठेवा, १२ जानेवारी २०२१ नंतर क्यूबाला जाऊन आलेल्यांना अमेरिकेसाठी ईस्टा (व्हिसाऐवजीची ऑनलाइन परवानगी) चालत नाही, पूर्ण व्हिसा काढावा लागतो.

आता उड्डाण. क्यूबाला कुठल्या एअरपोर्टवरून निघायचं आणि परत कुठे उतरायचं याची कस्टम्सची ठरलेली यादी आहे, त्यातलाच एअरपोर्ट घ्या. ईएपिस, म्हणजे विमानात कोण आहे ते कस्टम्सला आधी कळवायचा ऑनलाइन फॉर्म, निघायच्या किमान ६० मिनिटं आधी भरा, मी तर आदल्या रात्रीच भरा म्हणेन. आयएफआर (उपकरणांवर आणि कंट्रोलरच्या क्लिअरन्सने उडायचा) प्लॅन टाका. साधारण २४ अंश उत्तर अक्षांशावर मायामी सेंटर, म्हणजे तिथलं हवाई वाहतूक नियंत्रण, तुम्हाला हवाना सेंटरकडे देतं, हवानाशी बोलणं झाल्याशिवाय आणि क्लिअरन्स मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही, ट्रान्सपॉंडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) चालू, रूट जसा दिलाय तसाच.

हे मी इतकं कळकळीने का सांगतोय, तर २४ फेब्रुवारी १९९६ला याच समुद्रावर क्यूबाच्या मिग-२९ने दोन सेसना ३३७ पाडल्या, चार माणसं गेली. ती विमानं मायामीतल्या निर्वासितांच्या संघटनेची होती, त्याआधी त्यांनी हवानावर पत्रकं टाकली होती आणि त्या दिवशी २४ अक्षांशाखाली येऊ नका म्हणून हवानाने रेडिओवर सांगितलं होतं. नंतर आयकाओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) तपासात निघालं की विमानं पडली ती आंतरराष्ट्रीय हद्दीत, क्यूबाच्या १२ मैलांच्या बाहेर. शिकागो करारात, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात, नागरी विमानावर शस्त्र चालवू नये असं कलम १९८४ मध्येच मंजूर झालं होतं, तरीही हे झालं. म्हणजे कायदा तुमच्या बाजूने असणं पुरत नाही, समोरच्या रडारवर तुम्ही कोण आहात हे प्रत्येक मिनिटाला कळलं पाहिजे. रेडिओ गेला तर काय करायचं हे निघायच्या आधीच ठरवून ठेवा.

इंधन दोन्ही बाजूंचं इथूनच भरा, तिथे अॅव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) मिळेल हे गृहीत धरू नका, १७२एसच्या टाकीत वापरता येणारं ५३ गॅलन असतं, जाऊन-येऊन भरपूर उरतं, फक्त वजन बघा. ९,००० फुटांवरून इंजिन बंद पडलं तर १७२ साधारण १३ मैल ग्लाइड करतं, म्हणजे मधल्या साठेक मैलांत दोन्ही किनारे हाताबाहेर. लाइफ जॅकेट अंगात घालून बसा, मागच्या सीटवर टाकून नाही, राफ्ट आणि पीएलबी (तुम्ही कुठे आहात याचा संकट-संदेश पाठवणारं छोटं यंत्र) पण घ्या. हा सगळा सराव आधी मायामी ते बहामाजमधलं बिमिनी करून घ्या, तिथे ईएपिस, एडीझ (जिथे विमानाला ओळख द्यावीच लागते तो हवाई संरक्षणाचा पट्टा), समुद्र सगळं तेच आहे, राजकारण तेवढं नाही.

अमेरिकन कार्डं क्यूबात चालतील असं धरू नका, रोख घ्या. परतताना पुन्हा ईएपिस, आणि अमेरिकेचा किनारा ओलांडायच्या किमान एक तास आधी कस्टम्सला कळवायचं. पावत्या, परमिट, कोणाला कधी भेटलात याची नोंद फेकू नका, ओफॅकची कागद जपून ठेवायची मुदत मार्च २०२५ पासून पाचवरून दहा वर्षं झालीये.