नागरिकशास्त्र कधी शिकवायचं? निवडणुकीपासून उलटं मोजा

घरी शिकणाऱ्या मुलांचं नागरिकशास्त्र ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत मागे पडतं आणि मूल बघता बघता मतदानाच्या वयाला येतं. इयत्ता ठरवत बसण्यापेक्षा तारीख ठरवा.

१. मूल १४ ते १७ वर्षांचं असताना कोणती मोठी निवडणूक येते ते पाहा. ऑस्ट्रियात २००७ पासून १६व्या वर्षीच मत देता येतं. अशा ठिकाणी आणखी लवकर सुरुवात करा. मोठी निवडणूक नसेल तर स्थानिक संस्थेची घ्या.

२. मतदानाच्या साधारण चार महिने आधी सुरुवात करा. पहिले दोन महिने फक्त रचना: कायदा कोण करतं, राबवतं कोण, न्यायालय कुठे अडवू शकतं, कर कोण गोळा करतं. इथे घाई नको.

३. मग जाहीरनामे. प्रत्येक आश्वासनापुढे मुलाने लिहायचं: हे काम कोणत्या पातळीवरच्या सरकारचं? उमेदवार ज्या पदासाठी उभा आहे, त्या पदाला तो अधिकार आहे का? माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे. एखादं आश्वासन त्या पदाच्या कक्षेत बसतच नाही, हे मुलाने स्वतः शोधलं की ते कायमचं लक्षात राहतं.

४. निकालानंतर सरकार कसं बनतं ते बातम्यांतून पाहा.

एक काळजी घ्या: मुलाची यादी पूर्ण होईपर्यंत तुमचं मत कुणाला, हे सांगू नका.