प्रॉमिथियस रॅम खातोय? आधी ही यादी बघा

प्रॉमिथियस या मॉनिटरिंग टूलची मेमरी फुगली की लोक सरळ मशीनच मोठं करतात, बिल वाढतं आणि काही दिवसांनी परत तेच. त्याआधी त्याच्या स्टेटस मेनूत टीएसडीबी स्टेटस (त्याच्या डेटाबेसची माहिती) उघडा, कुठल्या मेट्रिकच्या, म्हणजे मोजमापाच्या, किती सिरीज नि कुठल्या लेबलच्या, म्हणजे मेट्रिकला लावलेल्या टॅगच्या, किती व्हॅल्यू याची टॉप १० यादी तिथे आयतीच मिळते. लेबलची प्रत्येक नवी व्हॅल्यू म्हणजे एक नवी सिरीज, आणि प्रत्येक सिरीज मेमरी खाते. बहुतेक वेळा चोर म्हणजे युझर आयडी, रिक्वेस्ट आयडी नाहीतर आयडीसकट आख्खा यूआरएल भरलेलं लेबल.

१. ते लेबल कोडमधूनच काढायला लावा, असली माहिती लॉगमध्ये बरी.
२. रिलीजला वेळ असेल तर स्क्रेप कॉन्फिगमध्ये (प्रॉमिथियसच्या डेटा गोळा करायच्या सेटिंगमध्ये) मेट्रिक रिलेबलच्या नियमाने ते मेट्रिकच ड्रॉप करा.

रिलेबलने नुसतं लेबल ड्रॉप करू नका हां, मग वेगवेगळ्या सिरीज एकसारख्या होऊन एकमेकींवर आदळतात आणि ग्राफ काहीही दाखवतो.