बर्फातली पकड: हिवाळी टायर निवडताना या चुका टाळा

बर्फ पडलेल्या सकाळी गाडी सुरू केली, चाकं जागच्या जागी गरगरली नाहीत, गाडी हलली, की चालवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. टायर चांगले आहेत असा निकालही तो तिथेच देऊन टाकतो. पण हळूच क्लच सोडला तर झिजून गोटा झालेल्या टायरवरही गाडी सपाट जागेवरून निघते. खरी परीक्षा पहिल्या सिग्नलला होते, ब्रेकवर पाय पडल्यावर. टायर निवडताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका या घाईच्या निकालातून येतात.

नुसती नक्षी बघणं

दुकानात टायर बघताना आपण वाकून नक्षी बघतो, खाचेत बोट घालतो. रबराकडे कोणाचं लक्ष नसतं. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठरायला लागतं, मग खाचा कितीही खोल असोत. म्हणूनच "अजून कुठे बर्फ पडलाय?" म्हणत टायर बदलायचं पुढे ढकलणं चूक आहे. पारा ७ च्या आसपास घुटमळू लागला की रस्ता कोरडा असला तरी बदलायची वेळ आलेली असते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबर अशा बेताने असतं की ते कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहावं.

शिवाय त्याच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने मारल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा असतात. रस्त्याला टेकताना त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा हिमात रुततात. मोठ्या खाचांमध्ये हिम गच्च बसलेलं दिसलं की काही जण ते काठीने उकरून काढतात. त्याची गरज नाही. हिमाला सर्वांत चांगलं हिमच धरतं (मुठीत दाबून गोळा करून पाहा), त्यामुळे खाचेत भरलेलं हिम पकड वाढवतं.

खुणांचा अर्थ न लावणं

टायरच्या कडेवर "एम प्लस एस" छापलेलं दिसलं की हिवाळी टायर मिळाला असं अनेकांना वाटतं. ही चिखल आणि हिम यांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. नक्षीची ठेवण पाहून कंपनी स्वतःच ती छापते, हिमावर चाचणी झाल्याची हमी त्यात नसते. शोधायची खूण वेगळी आहे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाची चांदणी. हा टायर दाबून घट्ट झालेल्या हिमावर, ठरवून दिलेल्या टायरशी तुलना करून तपासलेला असतो. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर नुसतं एम प्लस एस चालत नाही, डोंगराची खूण लागते. ऑल सीझन टायर घ्यायचाच असेल तर निदान ही खूण असलेला घ्या.

पण डोंगराच्या खुणेलाही मर्यादा आहे, आणि तिथे आपली भाषाही थोडा घोळ घालते. आकाशातून पडणारं भुसभुशीत हिम आणि रस्त्यावर गोठलेली काच, दोन्हीला आपण बर्फच म्हणतो. टायरच्या दृष्टीने ती दोन वेगळी जगं आहेत. डोंगराची खूण हिमाबद्दल बोलते, काचेबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून युरोपीय संघाच्या टायर लेबलवर मे २०२१ पासून बर्फावरच्या पकडीसाठी स्वतंत्र खूण आली. एकाच डोंगराच्या खुणेखाली दोन स्वभावाचे टायर विकले जातात, हेही लक्षात ठेवा. एक उत्तर युरोपच्या लांबलचक, गोठलेल्या हिवाळ्यासाठी केलेला, फार मऊ. दुसरा मध्य युरोपच्या ओल्या, थंड डांबरासाठी, थोडा ताठ. पहिला टायर ओल्या हमरस्त्यावर वेगात लुसलुशीत वाटतो आणि ब्रेकला जास्त अंतर घेतो, दुसरा काचेसारख्या बर्फावर हात टेकतो. तुमच्या वाट्याला कोणता हिवाळा जास्त येतो, ते आधी ठरवा.

बर्फ सगळ्यात निसरडा शून्य अंशाच्या जवळपास असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० ला तोच बर्फ टायरला बरीच जास्त पकड देतो. या ओल्या काचेवर खिळ्यांचे टायर (रबरात धातूचे छोटे खिळे ठोकलेले) फार उपयोगी पडतात, पण मोकळ्या डांबरावर ते खडखडतात, रस्ता खरवडतात आणि तिथे त्यांची पकडही कमी पडते. त्यातून उडणाऱ्या धुळीने लोक हैराण झाले म्हणून जपानने १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा केला. जर्मनीतही त्यांना जवळजवळ सगळीकडे बंदी आहे. घेण्याआधी आपल्या भागातला नियम पाहून घ्या.

दोनच टायर बदलणं

माझ्या मते ही सगळ्यात धोक्याची चूक, आणि ती मीही केली आहे. पुढची चाकं गाडी ओढतात, मग पुढेच हिवाळी टायर घालू, मागचे पुढच्या वर्षी बघू. सरळ रस्त्यावर गाडी झकास चालली. उतारावरच्या वळणावर ब्रेकला जरा पाय लावला आणि गाडीचा मागचा भाग माझ्याआधी पोचायला निघाला. पुढची चाकं रस्ता धरून होती, मागची ताठ रबरावर तरंगत होती. तिथे समोरून कोणी आलं नाही, एवढंच नशीब.

उलट केलं, म्हणजे मागे हिवाळी आणि पुढे उन्हाळी, तर गाडी गर्रकन फिरणार नाही, पण स्टिअरिंग वळवूनही सरळच जात राहील. चारही टायर एकाच जातीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. थोडा फरक असलाच तर जास्त खोल खाचांचे दोन मागे.

"माझी गाडी चारही चाकांवर चालते" हे उत्तर इथे कामाचं नाही. इंजिनची ताकद चार चाकांत वाटली गेली की गाडी सुटते छान. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच, त्यात जादा काही मिळत नाही. उलट अशी गाडी पटकन वेग घेते, आणि वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर साधारण चौपट होतं.

रुंद टायरचा मोह

रुंद टायर हिमाच्या आणि पाणीमिश्रित चिखलबर्फाच्या थरावर तरंगतो. अरुंद टायर तो थर कापून खाली उतरतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम आणि थोडा अरुंद टायर घेणं शहाणपणाचं. उदाहरणार्थ, २२५/४५ आर १७ च्या जागी २०५/५५ आर १६ (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; शेवटचा रिमचा, इंचात). दोघांच्या बाहेरच्या व्यासात अडीच मिलिमीटरचाही फरक नाही, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. मात्र लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला (चाकाच्या आत ब्रेकची चकती दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना, ते बसवून पाहा. वजन पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

जुना झाला तरी खाचा आहेत ना

बऱ्याच देशांत खाचेची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असते. हिमासाठी तो आकडा विसरा. ४ मिलिमीटरच्या खाली हिवाळी टायर नावापुरता उरतो, ऑस्ट्रियात तर तो हिवाळी धरलाच जात नाही. वय बघायला कडेवर "DOT" या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. सेकंडहँड टायर घेताना हे चार अंक विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा जास्त बोलतात.

लक्षणावरून दोष ओळखा

टायर पुष्कळ चांगले, तरी थंडीची पहिली लाट येताच डॅशबोर्डवर हवेचा दिवा लागला? पंक्चरच असेल असं नाही. उबदार गॅरेजमध्ये २० अंशांना भरलेली हवा बाहेर उणे १० ला सुमारे ५ पीएसआयने उतरते. टायर थंड असताना, बाहेरच्या हवेत तपासून भरा. जास्त पकडीसाठी मुद्दाम हवा कमी करण्याचा सल्ला मात्र रस्त्यासाठी ऐकू नका. आणि हिवाळी रिमच्या दुसऱ्या संचात हवेचा दाब मोजणारे सेन्सरच बसवलेले नसतील, तरीही दिवा लागतो.

नव्या टायरवर गाडी पहिल्या दिवशी निसरडी वाटत असेल तर घाबरू नका. साच्यातून निघालेल्या रबरावरचा गुळगुळीत थर जायला काही शे किलोमीटर लागतात, खिळ्यांच्या टायरना तर तेवढा काळ हळू चालवावंच लागतं. ओल्या रस्त्यावर गाडी पाण्यावर उचलल्यासारखी होत असेल तर कडेवरचा बाण पाहा. एकाच दिशेने फिरायचा टायर उलटा बसला की खाचा पाणी बाहेर फेकू शकत नाहीत. घाईच्या दिवसांत ही चूक दुकानातही होते.

चाकं बदलल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंगच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला पाहा, तिथे गोठलेलं हिम चिकटलेलं असू शकतं. ते नसेल तर नट तपासा. तसेही ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळायचे असतातच.