अनोळखी मुंगी ओळखताना या चुका टाळा

सांगलीत वळवाचा पहिला पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत माझ्याकडे मुंग्यांची छायाचित्रे येऊ लागतात आणि बहुतेकांसोबत एकच वाक्य असते : ‘ही मुंगी आमच्याकडे यापूर्वी कधीच नव्हती.’ ती बहुधा पूर्वीपासूनच असते; बिळात पाणी शिरल्यामुळे अंगणातून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलेली असते, एवढेच. मी हौसेने मुंग्या गोळा करणारा माणूस आहे, त्यामुळे पुढील मते शास्त्रज्ञाची नव्हेत. मात्र त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहून आलेला कंटाळा त्यांत आहे, हे आधीच कबूल करतो.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे आकार वेगळा दिसला की जात वेगळी समजणे. काही वर्षांपूर्वी विश्रामबागेत राहणारा एक महाविद्यालयीन विद्यार्थी दोन बाटल्या घेऊन माझ्याकडे आला. पहिल्या बाटलीत अडीच मिलिमीटर लांबीच्या, तांबूस-तपकिरी, सडपातळ अशा आठ-दहा मुंग्या होत्या, तर दुसरीत त्याच रंगाची पण जवळपास दुप्पट लांबीची एकच मुंगी होती आणि तिचे डोके शरीराच्या मानाने इतके मोठे होते की ती तोल सावरून चालत तरी कशी असेल, असा प्रश्न पडावा. दुसऱ्या बाटलीतील जात विज्ञानाला अज्ञात असावी, असे त्याने घरी आणि वर्गात सांगूनही टाकले होते. दोन्ही मुंग्या एकाच बिळातून आल्या का, असे मी विचारले, तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते, कारण दिसली ती मुंगी बाटलीत टाकून तो पाच मिनिटांत तेथून निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे, त्याने मुंग्या पकडल्या होत्या त्या कुंपणाच्या भिंतीपाशी गेलो आणि फटीपासून वीतभर अंतरावर अर्धा शेंगदाणा ठेवून बसलो. आधी लहान मुंग्या आल्या, त्यांनी दाणा चाचपला आणि त्यांतील काही फटीत परतल्या. पंधरा-वीस मिनिटांनी त्याच फटीतून दोन मोठ्या डोक्याच्या मुंग्या बाहेर पडल्या आणि लहानींना न हलणारा तो दाणा जबड्यांनी कातरू लागल्या. “काका, म्हणजे दोन्ही एकच?” असे विचारताना त्याचा चेहरा पडला होता. ती ‘फायडोले’ या प्रजातीची, म्हणजे जवळच्या अनेक जातींच्या गटाची, वसाहत होती. या प्रजातीत लहान कामकरी आणि मोठ्या डोक्याच्या सैनिक अशा दोन घडणींच्या मुंग्या एकाच राणीच्या पोटी जन्मतात; सैनिकांच्या डोक्यातील बरीचशी जागा जबड्याच्या स्नायूंनी व्यापलेली असते, म्हणून कठीण बी फोडण्याचे काम त्यांच्याकडे येते. शिवाय फायडोलेची नेमकी जात प्रामुख्याने सैनिकाच्या डोक्यावरूनच ठरवतात, त्यामुळे नुसत्या लहान मुंग्या आणल्या असत्या तर तज्ज्ञालाही पुढे जाणे अवघड झाले असते.

त्याला हसण्याचा मला अधिकार नाही, कारण माझ्या पहिल्या वहीत आपल्या नेहमीच्या काळ्या डोंगळ्याची, म्हणजे ‘कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस’ची, लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन स्वतंत्र जाती म्हणून नोंद आहे. हे नाव मूळ वर्णनानुसार 1787 सालापासून नोंदलेले असून मुंगी गल्लोगल्ली दिसते, तरी मी फसलो. तेव्हापासून बिळाशी निदान अर्धा तास बसल्याशिवाय मी बाटलीचे झाकण उघडत नाही आणि एका बिळातील निरनिराळ्या आकारांच्या किमान आठ-दहा मुंग्या घेतल्याशिवाय उठत नाही. ज्याला तेवढा वेळ बसवत नाही, त्याने फुलपाखरांकडे वळावे. ती निदान दुरून तरी ओळखता येतात.

दुसरी चूक रंगाची आहे आणि मोबाइलमधील अ‍ॅपने ती अधिकच बळकट केली आहे. खणभागातील एका ओळखीच्या कुटुंबाने तांबड्या मुंगीचे वरून काढलेले अंधुक छायाचित्र अ‍ॅपला दाखवले आणि अ‍ॅपने दक्षिण अमेरिकेतील ‘सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा’ ही कुप्रसिद्ध आगमुंगी असल्याचे सुचवताच त्या घरात दोन दिवस विषारी भुकटीचा मारा चालला. मी पोहोचलो तेव्हा तपासायला जिवंत मुंगी मिळेना. फरशीच्या कडेला मेलेल्या, पावडरीने माखलेल्या काही सापडल्या, त्या ओल्या कुंचल्याने स्वच्छ करून भिंगाखाली धरल्या. कंबरेवर दोन गाठी होत्या, पाठीच्या मागील भागावर काटे नव्हते, मिशीचे दहा खंड भरले आणि टोकाचे दोन खंड जाड होते. ही ‘सोलेनॉप्सिस’ प्रजातीची लक्षणे झाली, म्हणजे प्रजातीपुरते अ‍ॅप चुकले नव्हते. मात्र जात आपल्याकडे सर्वदूर आढळणारी ‘सोलेनॉप्सिस जेमिनाटा’ निघाली, कारण मोठ्या कामकऱ्यांचे चौकोनी डोके प्रमाणाबाहेर मोठे असून त्याच्या मागच्या कडेपासून मध्यभागी खोल खाच उतरलेली होती. तीही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असली आणि तिचा डंख चांगलाच झोंबत असला, तरी शेतकऱ्याला आणि अनवाणी फिरणाऱ्याला ती जुनीच ओळखीची आहे.

फायडोलेचीही डोकी मोठीच असतात, त्यामुळे या दोघींची गल्लत हमखास होते. फायडोलेच्या मिशीचे साधारणतः बारा खंड असतात, टोकाचे तीन जाड असतात आणि पाठीच्या मागील भागावर बहुधा दोन काटे असतात. मिशी मोजण्याचा कंटाळा केला की उरलेली सारी मेहनत वाया जाते. यासाठी मी घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते दहापट भिंग वापरतो. महागड्या कॅमेऱ्याची मला गरज भासलेली नाही.

छायाचित्रच पाठवायचे असेल तर डोके समोरून, शरीर एका बाजूने आणि शरीर वरून अशी तीन काढावीत. बाजूचे छायाचित्र सर्वांत मोलाचे असते, कारण कंबरेला एक गाठ आहे की दोन, हे त्यातच दिसते आणि तेवढ्यावरून निम्मे पर्याय बाद होतात.

चालण्याच्या पद्धतीकडे दुर्लक्ष करणे हीही चूकच आहे. लांबलचक मिशा आणि पाय असलेली, दिशाहीन धावणारी काळपट मुंगी बहुधा ‘पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस’ असते, तर पोट उचलून डोक्यावर आणणारी, हृदयाच्या आकाराच्या पोटाची मुंगी ‘क्रिमॅटोगॅस्टर’ प्रजातीची असते. डोके काळे आणि पोट फिकट असलेली दीड मिलिमीटरची, साखरेच्या डब्यापाशी हमखास दिसणारी मुंगी ‘टॅपिनोमा मेलानोसेफॅलम’ आहे. तिच्यासाठी मला रात्री दहा वाजता फोन करू नये.

मुंगी पकडण्याआधी तिचे पाय मोजावेत. आठ असतील तर तो मुंगीचे सोंग घेतलेला कोळी आहे आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून तो भल्याभल्यांना चकवतो. पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या किड्यांना मुंग्या म्हणण्यापूर्वी मिशा पाहाव्यात : मण्यांच्या सरळ माळेसारख्या असल्या, कंबर जाड असली आणि चारही पंख सारखे असले, तर ती वाळवी आहे. मुंगीची मिशी कोपरात वाकलेली असते आणि तिचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात.

कीटकनाशक फवारून गोळा केलेली मुंगी मला आणून देऊ नये. ती वेडीवाकडी आखडते आणि पाय कंबरेवर येऊन नेमकी गाठ झाकली जाते. होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली, त्यात साधारण 80 टक्के अल्कोहोल, आणि आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, एवढे पुरते. चिठ्ठी शाईने लिहिल्यास अल्कोहोलमध्ये अक्षरे विरघळतात. माझ्या हरिपूरच्या तीन बाटल्यांत आज निळे पाणी आणि निनावी मुंग्या आहेत. चिठ्ठीवर नुसते ‘सांगली’ असे लिहू नये. भिंत की झाड, जमिनीपासून किती उंचीवर, ती काय खात होती, तारीख आणि वेळ, हे सारे लिहावे.

नाव ठरत नसेल तर प्रजातीपाशी थांबावे. विश्रामबागेच्या त्या विद्यार्थ्याला हे मान्य करायला पुष्कळ वेळ लागला, पण त्याने दोन्ही बाटल्यांतील मुंग्या एकत्र करून नवी चिठ्ठी लिहिली. तिच्यावर ‘फायडोले, जात अनिश्चित, कामकरी व सैनिक एकाच फटीतून’ एवढेच आहे आणि ती बाटली माझ्या फडताळात आहे.