आयलावर पायी फिरा: स्कॉच डिस्टिलरी कशी पाहावी, सिंगल माल्ट कशी चाखावी

स्कॉटलंडमध्ये दीडशेच्या आसपास डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्की गाळण्याचे कारखाने, आहेत. त्यांतल्या दिवसाला दोनच पाहाव्यात, असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत नाक दमलेलं असतं, आणि हा सगळा प्रवास नाकासाठीच तर असतो.

आधी भाग ठरवा. एडिनबरात अर्धाच दिवस मोकळा असेल तर जवळची ग्लेनकिंची गाठा. सौम्य, फळांच्या वासाची व्हिस्की आवडत असेल तर स्पेसाइडला जा. तिथल्या डफटाउन गावात ग्लेनफिडिक आणि बालव्हेनी शेजारी-शेजारी आहेत. पण तीन दिवस हातात असतील तर मी आयला बेटच सांगेन. स्पेलिंग पाहून ‘इस्ले’ म्हणू नका. उच्चार ‘आयला’ असाच आहे, आपल्या तोंडी सहज येतो तसा.

ग्लासगोहून बसने केनाक्रेग बंदर आणि तिथून फेरीने साधारण दोन तासांत बेटावरचं पोर्ट एलन. काही फेऱ्या पोर्ट आस्केगला लागतात, तेव्हा तिकीट काढताना बंदर पाहून घ्या. पोर्ट एलनपासून समुद्राच्या कडेने साधारण पाच किलोमीटरची पायवाट आहे आणि तिच्यावर ओळीने तीन डिस्टिलरी लागतात: लफ्रॉइग (१८१५), लागावुलिन (१८१६) आणि आर्डबेग (१८१५). पहिल्या दिवशी लफ्रॉइगची टूर करा, चालत आर्डबेगला जा. तिथल्या जुन्या भट्टीत आता कॅफे आहे, तिथे पोटभर जेवा आणि मग चाखायला बसा. लागावुलिन दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

गाडी भाड्याने घेतली असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्कॉटलंडमध्ये चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात अल्कोहोलची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडमध्ये ती ८० आहे. गाडी चालवणाऱ्याने तिथे घोटही घेऊ नये. बऱ्याच डिस्टिलरी त्याच्या वाट्याची व्हिस्की छोट्या बाटल्यांत भरून देतात, आपणहून मागा.

बुकिंग घरूनच करा. मे महिन्याच्या अखेरीस बेटावर व्हिस्कीचा आणि संगीताचा मोठा उत्सव असतो. खास त्यासाठी जायचं नसेल तर ते दिवस टाळा, राहायला खोली मिळत नाही. उन्हाळ्यात काही ठिकाणी देखभालीसाठी उत्पादन काही आठवडे थांबतं. टूर चालू असते, पण व्हिस्की गाळायची तांब्याची भांडी थंड असतात. म्हणून बुक करतानाच विचारून घ्या.

टूरवर माहिती भराभर सांगितली जाते. सगळं टिपत बसू नका, चार जागी मात्र रेंगाळा.

पहिली जागा मोडाची. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आलेल्या जवापासून, पॉट स्टिल नावाच्या तांब्याच्या भांड्यात काढलेली व्हिस्की. बहुतेक ठिकाणी मोड आणलेला जव बाहेरून येतो. लफ्रॉइग, बोमोर आणि किलहोमन इथे मात्र त्यातला काही भाग अजूनही फरशीवर पसरून, उलथापालथ करून तयार होतो. मग तो पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेली, अर्धवट कुजलेली वनस्पती. आगटीत गोवऱ्यांवर भाजलेला हुरडा ज्याने खाल्लाय, त्याला धूर धान्यात कसा मुरतो हे कुणी समजावून सांगायला नको.

दुसरी जागा आंबवण्याच्या टाक्यांची. झाकण उघडलं की वाकून एकदम नाक आत घालू नका. कार्बन डायऑक्साइडचा असा झणका बसतो की डोळ्यांत पाणी येतं. हाताने वारा नाकाकडे घ्या. इडलीचं आंबलेलं पीठ आणि जास्त पिकलेलं केळं, दोन्ही एकदम येतात.

तिसरी जागा तांब्याच्या भांड्यांची. गोव्यात काजूची भट्टी पाहिली असेल तर हे ओळखीचं वाटेल. तिथे आधी उर्राक निघते आणि ती पुन्हा ऊर्ध्वपातित करून फेणी काढतात. इथेही बहुतेक ठिकाणी दोनदा ऊर्ध्वपातन होतं. पितळेच्या चौकटीच्या काचपेटीतून धार वाहते. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून फक्त मधला घेतात. पूर्वी या पेटीची एक किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असायची.

शेवटी गोदाम. तिथे बोलू नका, नुसता श्वास घ्या. स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं काढावी लागतात आणि दरवर्षी साधारण दोन टक्के पिंपातून उडून जातं. तो वास हवेत असतो.

आता चाखणं. ग्लास ट्युलिपच्या कळीसारखा, तोंडाशी निमुळता असावा. सौम्य आधी, धुरकट शेवटी. उलटं केलंत तर सौम्य व्हिस्कीची चवच लागणार नाही. ग्लास हनुवटीजवळ धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि हळूहळू वर न्या. पहिला घोट अगदी छोटा, जिभेची ओळख होण्यापुरता. दुसरा तोंडात दहा सेकंद फिरवा. मग थेंबभर पाणी घाला आणि पुन्हा हुंगा, कारण पाण्याने बंद असलेले वास मोकळे होतात. बर्फ नको, थंडीने वास दबतो. मधेमधे साधं पाणी प्या.

तिथल्या पत्रकांवर ‘हेदर’, ‘ख्रिसमस केक’ असले शब्द असतात. ते आधी वाचूच नका. एक छोटी वही ठेवा आणि आपल्या घरातले वास लिहा. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातली असेल तर व्हॅनिला, ओलं खोबरं. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली असेल तर मनुका, खजूर, कधी जायफळ. लफ्रॉइग पहिल्यांदा हुंगली तेव्हा मी लिहिलं होतं: ‘गुडघा फुटल्यावर आजी लावायची ते टिंक्चर’. गाइड म्हणाली, हेच बरोबर, इथे आयोडीनच म्हणतात. धूर नको वाटला तर त्याच बेटावरची बुनाहाव्हन मागा. तिचा बहुतेक माल पीटशिवायचा असतो. आवडली नाही ती व्हिस्की ग्लासात तशीच सोडा, तिथे कुणाला वाईट वाटत नाही.

बाटल्या घ्यायच्या त्या शेवटच्या दिवशी, वही पाहून. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. तिथली बाटली ७०० मिलिलिटरची, म्हणजे दोन बसतात, तिसरीने मर्यादा ओलांडते. उरलेल्या ६०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिलिटरच्या बारा छोट्या बाटल्या मावतात. त्या बारा वेगवेगळ्या घ्या, मोज्यांत गुंडाळा आणि चेक-इनच्या बॅगेत मधोमध ठेवा.